वहीतले बाराशे रुपये

आमच्या घरात आषाढीच्या महिनाभर आधी एक भांडण ठरलेलं असतं, खोल्यांच्या भाड्यावरनं. अप्पा एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला, आई मध्ये शेंगदाणे निवडत गप्प बसलेली आणि मी पुण्यात फोन कानाला लावून. यंदा भांडण जरा जास्तच पेटलं, कारण दादाला आमच्या तीन खोल्या त्या बुकिंगच्या ॲपवर टाकायच्या होत्या, तिथं गर्दी वाढली की भाव आपोआप वर जातो, आपल्याला तोंडानं काही बोलावं लागत नाही. अप्पांनी एकच विचारलं, "दारात आलेल्या माणसाला काय सांगायचं, मोबाईलनं भाव वाढवला म्हणून?" दादा चिडला, अप्पाही चिडले आणि त्या दिवशीचं बोलणं तिथंच राहिलं.

सीझनला धंदेवाल्यांनी भाव वाढवावेत का नाही, यावर सगळेच तावातावानं बोलतात, पण बोलणारे बहुतेक गिऱ्हाईक असतात. मी गल्ल्याच्या आतल्या बाजूला वाढलेय. आमचं घर पंढरपुरात, प्रदक्षिणा मार्गापासून आत एका बोळात, बोळाच्या तोंडाशी आमचं प्रसादाचं दुकान. चुरमुरे, बत्तासे, पेढे, कुंकू, बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा, उदबत्ती, थोडे टाळ. मागं आणि वर मिळून तीन खोल्या आणि एक लांबलचक ओसरी. आमच्यात याला 'वारकरी उतरवणं' म्हणतात, लॉज वगैरे शब्द नंतर आले. माझी शाळेची फी, दादाचं कॉलेज, आजीचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं वारीच्या पैशातनं झालं. त्यामुळं 'पंढरपूरचे लोक वारकऱ्याला लुटतात' असं कुणी सरसकट बोललं की मला खरंच वाईट वाटतं आणि त्यात काही ठिकाणी तथ्य आहे हे माहीत असल्यामुळं जास्त वाईट वाटतं.

जरा हिशोब समजून घ्या. २०११ च्या जनगणनेत आमच्या गावची वस्ती लाखाच्याही आत होती. आषाढीला याच गावात दहा-बारा लाख माणूस येतं. वर्षात वाऱ्या चार, चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी, पण घर चालतं ते आषाढीवर, थोडं कार्तिकीवर. बाकीचे महिने दुकानात दुपारी माशा मारत बसायची वेळ येते. आमच्याकडं लोक एकमेकांना विचारतात, "यंदा वारी कशी झाली?" आणि त्याचा अर्थ दर्शन कसं झालं असा नसतो, वर्ष निघेल का असा असतो. वारी पडली की वर्ष पडलं.

२०२० आणि २०२१ कुणी विसरलं असेल तर आम्ही विसरलो नाही. २०२० ला १ जुलैला एकादशी होती, पादुका एसटीनं आल्या, गावात संचारबंदी. आमच्या दारावरनं एक टाळ वाजत गेला नाही. अप्पांनी दुकान उघडून झाडलं आणि परत कुलूप लावलं. आदल्या हंगामाची चुरमुऱ्याची पोती मऊ पडली होती, ती आईनं गुरांना घातली. दोन वर्षं तशी गेल्यावर दादानं तीन खोल्यांना स्वतंत्र संडास-बाथरूम बांधायला लोन काढलं, कारण आता लोक सार्वजनिक न्हाणीघराला तयार नसतात, बायका तर नाहीतच. त्या लोनचा हप्ता बाराही महिने जातो आणि खोल्या भरतात वर्षातले पंधरावीस दिवस. म्हणून दादा म्हणतो की ज्या दिवशी मागणी आहे त्या दिवशी घेतलंच पाहिजे, तर तो हावरट आहे असं मी म्हणणार नाही. त्याचं गणित बरोबर आहे.

आणि खर्चही वाढतो, हे बाहेरच्याला दिसत नाही. वारीच्या आठवड्यात नळाचं पाणी तेवढ्या माणसांना पुरत नाही, टँकर घ्यावा लागतो आणि टँकरवालाही भाव वाढवतो. दुकानात दोन पोरं जादा लागतात, ती पहाटे चारपासून रात्री बारापर्यंत उभी असतात, त्यांना रोजचा पगार देऊन चालेल का? संडास साफ करायला येणारी बाई दिवसातनं चार वेळा येते, तिला दुप्पट द्यायलाच पाहिजेत, कमीच पडतात खरं तर. खवा महागतो म्हणून पेढा महागतो. एकादशीला सगळं गावच उपाशी, त्यामुळं केळी, शेंगदाणा, साबुदाणा यांचे होलसेलचेच भाव चढलेले असतात, किरकोळवाला काय करणार.

शिवाय ओट्याचं भाडं असतं. ज्यांची घरं मंदिराच्या जवळ आहेत ते आपला दारातला ओटा वारीपुरता बाहेरच्या विक्रेत्याला देतात. चार फूट ओटा, आठ-दहा दिवस आणि त्याचे जे पैसे घेतात ते ऐकले तर विश्वास बसणार नाही. मग तो विक्रेता, बिचारा कुठल्या कुठनं आलेला, पहिल्या दिवसापासून त्या भाड्याच्या मागं धावत असतो, दहाची वस्तू वीसला विकतो आणि शिव्या तोच खातो. ओटा देणारा आत पंख्याखाली बसलेला असतो, त्याचं नाव कुणी घेत नाही. भाव कुठनं वाढतो ते बघायचं असेल तर ओट्यावरच्या विक्रेत्याकडं बघू नका, त्याच्या मागच्या दाराकडं बघा.

तर भाव वाढूच नये असं मी म्हणत नाही. उलट, वाढतो म्हणून तर गावातली घरं उघडतात. एरवी कोण आपल्या घरात अनोळखी पंधरा माणसं घेईल? आषाढीला आमच्या बोळातली माणसं स्वतः गच्चीवर नाहीतर स्वयंपाकघरात झोपतात आणि खोल्या वारकऱ्याला देतात. चार पैसे जास्त मिळतात म्हणूनच देतात ना. नुसत्या सेवेवर दहा लाख माणसांची सोय होत नाही. सेवा भरपूर आहे, पासष्ट एकराच्या तळावर दिंड्यांना फुकट जागा मिळते, मठ आहेत, गजानन महाराज संस्थानाचा मठ आहे, मंदिर समितीचं भक्तनिवास आहे, दर्शनबारीत चहा-पाणी-खिचडी वाटणारी मंडळं आहेत, आणि तरी लाखो माणसं उरतात. त्यांना भाड्याची खोलीच लागते. आणि धंदा आणि भक्ती यांचं वाकडं आहे असं मला कधीच वाटलं नाही. तुकोबांचं घर वाण्याचं होतं, नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी. सगळी धंद्यापाण्याचीच माणसं.

मग माझं आणि दादाचं कुठं बिनसलं ते सांगते.

यंदा, म्हणजे २०२५ ला, ६ जुलैला एकादशी होती, रविवार, त्यामुळं एक दिवसासाठी येणारी माणसंही तुफान. दुपारी तीनच्या सुमाराला मी, दादा आणि अप्पा तिघंही दुकानात होतो. एक म्हातारे बाबा आणि त्यांची बायको आमच्या पायरीवर टेकले. जालन्याकडचे. आजींचे पाय सुजलेले, त्या पदरानंच तळवे पुसत होत्या. बाबांनी बंडीच्या आतल्या खिशातनं एक छोटी वही काढली, पोरांची शंभर पानी असते तिचा अर्धा तुकडा, दोऱ्यानं शिवलेला, आणि त्याच दोऱ्याला शिसपेन्सिल बांधलेली. त्यात वारीचा सगळा खर्च आधीच लिहिलेला. एसटी फक्त हिची, अर्धी. (बाबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यांना एसटी फुकट.) रिक्षा ६०. खोली १,२००, दोन रात्री. फराळ-जेवण ४००. प्रसाद २५०. माळा ५. टाळ एक जोडी, समोर नातवाचं नाव.

खोलीच्या १,२०० वर आडवी रेघ मारून शेजारी २,५०० लिहिलं होतं. मुलानं महिन्यापूर्वी फोनवर खोली ठरवली होती, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं एका घरात. दशमीला रात्री पोचल्यावर मालक म्हणाला रेट वाढला, आधी तीन हजार म्हणाला, मग अडीचवर आला, घ्यायची तर घ्या नाहीतर मागं रांग आहे. आजींना पाऊल टाकवत नव्हतं. घेतली. बाबा हे सांगताना रागावलेसुद्धा नव्हते, नुसतं सांगत होते, जसं पाऊस कमी झाला असं सांगावं तसं. मला तेच सहन झालं नाही.

मग त्यांनी टाळ मागितले. अप्पांनी तीन जोड्या काढून दिल्या, बाबांनी प्रत्येक वाजवून बघितली, कान तिरका करून, वाजवणाऱ्याला कळतं ना नाद कसा आहे ते. मधली जोडी त्यांना आवडली. किंमत विचारली, ४००. त्यांनी वही उघडली, बोट खालपर्यंत नेलं, परत वर आणलं आणि टाळ हळूच परातीत ठेवून दिले. "पुढल्या वारीला," म्हणाले. प्रसादाचं एक छोटं पुडकं, दहाचा बुक्का आणि पाचाऐवजी दोन माळा. मग दोऱ्याच्या पेन्सिलीनं टाळावर रेघ मारली. अप्पा तीनशेला द्यायला तयार झाले, तर बाबा म्हणाले, "नको माऊली, तुमची किंमत बरोबर आहे, माझ्याकडंच नाहीत." श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० येतात, त्यातनं वर्षभर बाजूला टाकून वारीचं गाठोडं बांधलेलं. त्यातले तेराशे एका रात्रीत, एका दारात गेले.

ते गेल्यावर दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपले सातशे रुपये त्या माणसानं नेले."

मला वाटतं या सगळ्या वादातलं सगळ्यात खरं वाक्य हे आहे आणि ते धंदेवाल्याच्या तोंडचं आहे. वारकऱ्याचे पैसे ठरलेले असतात. तो काही कार्ड घासून जास्त खर्च करणारा पर्यटक नाही, त्याचं गाठोडं घरनं बांधून आलेलं असतं आणि पंढरपुरात ते सुटतं तेव्हा त्यात जेवढे आहेत तेवढेच आहेत. ते गाठोडं सगळ्या गावाचं असतं. खोलीवाल्याचं, रिक्षावाल्याचं, फराळवाल्याचं, माळवाल्याचं, पेढेवाल्याचं, टाळवाल्याचं. सगळ्यात आधी ज्याच्या हाताला लागतं त्यानं ओरबाडलं तर पुढच्यांना फक्त "पुढल्या वारीला" ऐकायला मिळतं. आमच्या बोळातले दुकानदार दरवर्षी रडतात की लोक येतात लाखांनी पण खरेदी करत नाहीत. कसे करतील? स्टँडपासून मंदिरापर्यंत येईतोवर निम्मं गाठोडं रिकामं झालेलं असतं.

रिक्षाचंच बघा. वारीत गावात गाड्या बंद, एसटीचे तात्पुरते स्टँड गावाबाहेर असतात. २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट झाली, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. वारकऱ्यांच्या गाड्यांना टोल माफ, २०२४ पासून दिंडीला २०,००० रुपये अनुदान. म्हणजे सरकारनं, पर्यायानं आपण सगळ्यांनी, वारकऱ्याच्या खिशात काहीतरी शिल्लक राहावं म्हणून पैसे घातले. आणि शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला एक आजी सीटमागं शंभर रुपये देते, तिनशे किलोमीटर फुकट येऊन. रिक्षावाल्याला लांबनं फिरून यावं लागतं, गर्दीत तास-तास अडकतो, डिझेल-गॅस जळतो, सगळं मान्य. वीसचे चाळीस घे की. पण तोंड बघून एकाकडनं पन्नास, दुसऱ्याकडनं शंभर आणि चालताच येत नसेल तर दीडशे, हा भाव नाही, ही अडवणूक आहे.

हा फरक माझ्यासाठी सगळ्यात मोठा. भाव वाढवणं वेगळं आणि अडलेल्याला नाडणं वेगळं. वाढवलेला भाव मी आधी सांगू शकते, पाटीवर लिहू शकते, शेजाऱ्यासमोर मोठ्यानं बोलू शकते. नाडलेला भाव कुजबुजत सांगावा लागतो, रात्री सांगावा लागतो, समोरच्याचे सुजलेले पाय बघून सांगावा लागतो.

काहीजण म्हणतात मागणी-पुरवठा आहे, भाव वाढला की काही लोक येणार नाहीत, गर्दी आपोआप आवरेल. पर्यटनाच्या गावाला हे लागू पडत असेल. महाबळेश्वर महाग वाटलं तर माणूस पुढच्या महिन्यात जातो. २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत कोल्डप्लेचे शो झाले तेव्हा आसपासच्या हॉटेलांचे भाव आभाळाला भिडले, त्याचं मला फार काही वाटलं नाही, ज्याला परवडलं त्यानं बघितलं, बाकीच्यांनी घरी बसून बघितलं. पण एकादशी कुणाला पुढं ढकलता येते? तिथी ठरलेली आहे. अडीचशे किलोमीटर चालत आलेला माणूस खोलीचा रेट ऐकून आळंदीला परत जाणार आहे का? खोली महाग झाली म्हणून गर्दी एका माणसानं कमी होत नाही, फक्त गरीब माणूस खोलीतनं फुटपाथवर जातो आणि त्याची बायको आडोसा शोधत नदीच्या वाळवंटात जाते. मग आपणच म्हणतो चंद्रभागा घाण झाली.

म्हणून आमच्याकडं संडास फुकट आहे, अप्पांनी तो नियम मी लहान असल्यापासून मोडला नाही. आंघोळीचे पैसे घेतो, गरम पाण्याचे जास्त घेतो, संडासाचे नाही. पिण्याच्या पाण्याचे नाही. दारात माठ असतो. मला वाटतं प्रत्येक धंद्यात अशा एकदोन गोष्टी असतात ज्यांच्यावर सीझनला कमवायचं नसतं, आणि त्या कुठल्या हे सांगायला कायदा लागत नाही.

तसा कायदाही आहे, तो थोडक्यात सांगते कारण बऱ्याच जणांना माहीत नसतो. छापील किमतीच्या वर सीलबंद वस्तू विकणं दुकानदाराला गुन्हा आहे, यात्रा असो नाहीतर काही असो, वीसची पाण्याची बाटली तीसला देता येत नाही, 'थंड करायचे पाच' वगैरे काही नसतं. वैधमापन विभागाकडं किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. हॉटेलात बसून प्यायलात तर मात्र वेगळं, तिथं जास्त लावायला २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुभा दिली. खाजगी ट्रॅव्हल्सना आपल्या राज्यात एप्रिल २०१८ च्या सरकारी आदेशानं एसटीच्या भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातलेली आहे, गणपतीला मुंबईहून कोकणात जाणाऱ्यांना विचारा ती किती पाळली जाते. ॲपवरच्या टॅक्सीला केंद्रानं २०२५ च्या जुलैत मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत जायला परवानगी दिली. पण खोलीला, ओसरीला, आंघोळीला असं काही पक्कं नाही. तिथं आमचंच आम्ही ठरवायचं असतं.

एसटीचं उदाहरण मला पटतं. एसटीनं २०२३ च्या दिवाळीत हंगामी १० टक्के भाडेवाढ केली होती. ओरड झाली, पण किती टक्के, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत हे आधी जाहीर होतं. माणूस वहीत लिहून घरनं निघू शकत होता. मला एवढंच पाहिजे. वारकऱ्याच्या वहीतला आकडा आणि आमच्या दारातला आकडा एक असावा. दुप्पट असला तरी चालेल, पण एक असावा.

द्वादशीला रात्री गर्दी ओसरल्यावर आम्ही बोळातल्या अकरा घरांची बैठक घेतली, आमच्याच ओसरीवर. दादानंच बोलावली. सोपी झाली नाही. एका काकांनी तोंडावर विचारलं, तुझं लोन आहे तसं माझं पण आहे, मी का भाव बांधून घेऊ? एक काकू म्हणाल्या, पलीकडच्या गल्लीत चार हजार घेतात आणि खोली आमच्याइतकीच, मग आम्हीच वेडे का? त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी नऊ घरं तयार झाली, दोन नाही झाली. ठरलं ते असं, की कार्तिकीपासून प्रत्येक घरानं आपला भाव आपणच ठरवायचा, सगळ्यांनी सारखाच ठेवायची सक्ती नाही, पण तो वारीच्या एक महिना आधी ठरवायचा आणि दाराच्या चौकटीवर पाटी लावायची, रोजचं भाडं आणि वारीचं भाडं, दोन्ही शेजारी शेजारी. फोनवर जो सांगितला तोच दारात. ॲडव्हान्स घेतला असेल आणि शब्द फिरवला तर दुप्पट परत. आणि ओटा भाड्यानं देणाऱ्यानं भाडं किती घेतलं हे बोळात सांगायचं. या शेवटच्या मुद्द्यावर बरीच चुळबुळ झाली, त्याचं काय होतंय बघू.

आमच्या घरचं भांडणही मिटलं, म्हणजे दोघंही थोडे थोडे सरकले. अप्पांचं म्हणणं होतं दिवसाला ६०० च्या वर जायचंच नाही, ते मला कधीच पटलं नव्हतं, टँकरचे पैसे घरातनं घालायचे आणि आईनं भांडी घासून कंबर मोडून घ्यायची याला सेवा म्हणता येईल पण ती तिनं निवडलेली नाही. दादाला हवा असलेला २,५०० चा आकडा गेला. वारीला दिवसाला १,०००, गरम पाणी धरून, ओसरीवर माणशी ५०. ॲपवर खोल्या टाकल्या नाहीत. हप्त्यात थोडी ओढाताण होणार आहे, दादा उरलेल्या महिन्यांत त्याच खोल्या सोलापूर-सांगलीकडनं दर्शनाला येणाऱ्या कुटुंबांना देण्याचं बघतोय.

पाटी अप्पांनीच रंगवली. जुन्या फळीवर पांढरा रंग, त्यावर काळ्यानं आकडे, त्यांचं अक्षर सुंदर आहे, एकेकाळी दिंड्यांच्या पाट्या रंगवायचे. खाली लाल रंगानं 'संडास, पाणी फुकट' लिहिलं. मी म्हणलं त्याच्यावर 'राम कृष्ण हरी' लिहा, तर म्हणाले भावाच्या पाटीवर देवाचं नाव नको.

गेल्या आठवड्यात दुकानाच्या नंबरवर फोन आला. पुडक्यावर आमचा नंबर छापलेला असतो, त्यावरनं. ते जालन्याचे बाबा. कार्तिकीला येणार, दोन रात्री खोली पाहिजे, काय घ्याल. दादानं सांगितलं दोन हजार, दोघांचे, गरम पाणी त्यातच. आणि म्हणाला बाबा, ती मधली टाळजोडी बाजूला काढून ठेवलीय.

पलीकडनं बाबा म्हणाले, "थांबा माऊली, वही घेतो."